आमच्या समक्ष

“हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस का?” एवढं एकच वाक्य. एकशे बाराव्या पानावर, वरून चौथ्या ओळीत, इंग्रजीत अर्थातच. विचारणारा कायम सर्दी झालेला एक पेन्शनर इन्स्पेक्टर, आणि विचारलं कुणाला, तर त्या भल्यामोठ्या घरात झाडलोट करणाऱ्या पोरीला. ती पोर छातीठोकपणे सांगत होती की डॉक्टरसाहेब रात्रभर वाचनाच्या खोलीत होते. आणि हा नाक पुसत पुसत विचारतो, पाहिलंस का? पोरगी म्हणते, पाहिलं नाही, पण होतेच ते, सगळेच म्हणतात. मी पुस्तक मिटलं. मे महिन्यातली दुपार, शाळेला सुट्टी, ऑफिसात मी एकटा, आणि छातीत असं काहीतरी हललं की म्हटलं, झालं, हार्ट! माठातलं पाणी प्यायलो, सदऱ्याची बटणं सोडली, खिडकीशी जाऊन उभा राहिलो. समोरच्या तळ्यात म्हशी बसल्या होत्या. हार्ट नव्हतं. हार्ट असतं तर बरं झालं असतं असं एकदा मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू.

आता मुळात मी असली पुस्तकं वाचणारा माणूस नव्हे. आगाशे हेडमास्तर म्हणजे पनवेलात काय समजतात ते कुणालाही विचारा. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पोरांच्या दप्तरातून असली खुनाबिनाची पुस्तकं जप्त केली, कपाटात कुलूप लावून ठेवली, पण एक म्हणून उघडून पाहिलं नाही. सत्तावन्न वर्षांचा होईस्तोवर मला ठाऊक नव्हतं की खुनाच्या गोष्टीत खून पहिल्या तीस पानांतच उरकतात आणि उरलेलं सगळं पुस्तक नुसतं बोलणं असतं. हे पुस्तक हातात आलं ते निव्वळ कामापोटी. नेऱ्याच्या रस्त्यावरचा बंगला दिनानाथरावांनी विकायला काढला, तिथली पुस्तकं शाळेला दिली. एक भली थोरली पेटी. दिनानाथराव आमच्या शाळेच्या कमिटीवर, मुंबईचे मोठे वकील. तेव्हा यादी नीट करायला हवी म्हणून मी स्वतः बसलो. सत्ताविसावं पुस्तक हे. नाव लिहिता लिहिता सहज पहिलं पान चाळलं आणि तिथं घराचा नकाशा होता. कोण कुठल्या खोलीत झोपतं, जिना कुठं, नोकरांचं दार कुठं. मला नकाशा आवडतो. एखाद्या गोष्टीचा नकाशा काढता येतो म्हटल्यावर तिच्यात काहीतरी शिस्त असणार, असं मला वाटलं.

गंमत वाटत होती हे कबूल करतो. बाहेर धुकं, आत शेकोटी, घरची मालकीण म्हातारी काचेच्या खोलीत कुंड्यांच्या मधोमध मरून पडलेली, आणि ही मंडळी जेवणाची घंटा झाली की कपडे बदलून टेबलाशी! प्रेत उचलून वरच्या मजल्यावर ठेवलेलं आणि हे खाली सूप भुरकतायत. अरे, काही सुतकबितक? खून झालाय घरात, पण चारचा चहा चुकत नाही. मी एकटाच हसलो दोनदा. पंचावन्नाव्या पानाच्या आसपास मला पुतण्याचा संशय यायला लागला, कारण म्हातारीची सगळी इस्टेट त्याला जायची होती. इन्स्पेक्टरलाही पहिला संशय त्याचाच आला. इथं मला जरासं कसंतरी झालं, पण उन्हाचं असेल म्हणून मी पान उलटलं.

कारण दिनानाथरावांच्या त्या बंगल्यातही एक म्हातारी होती. सत्यवतीबाई, दिनानाथरावांची आत्या, बालविधवा. बंगला तिचा, सगळ्या आंब्यानारळांसकट. एकोणपन्नास सालच्या भाद्रपदात ती सकाळी अंथरुणात मेलेली सापडली, तोंडावर उशी, हातातल्या चार पाटल्या नाहीशा. घरात त्या वेळी दिनानाथराव, त्यांची बायको, मुंबईहून पत्ते खेळायला आलेले दोन मित्र, एक स्वयंपाकी. पण आमच्या गावात कुणालाही, मलासुद्धा, त्यांच्यातल्या कुणाचा संशय म्हणून आला नाही. संशय यायचा तो बुधाजीवर आला. बुधाजी माळी. बंगल्याच्या मागे कुंपणाला लागून त्याचं खोपटं, बायको जनी, दोन पोरं. म्हातारी त्याला नारळ मोजून घेताना शिव्या घालायची हे सगळ्यांना ठाऊक. त्याच्या खोपट्यात, तांदळाच्या मडक्यात, एक पाटली सापडली. बुधाजीला जन्मठेप झाली. ती पाटली सापडताना तिथं हजर असलेला, सरकारचा पंच म्हणून पंचनाम्यावर सही केलेला आणि पुढं कोर्टात शपथेवर तसं सांगितलेला माणूस मी.

आणि त्याच दिवशी सकाळी, मी पेटी उघडण्याआधी, जनी येऊन गेली होती. तेरा वर्षं ती माझ्याकडे येते. नवरा येरवड्याला, त्याचं पत्र आलं की पदरात बांधून आणते, मी वाचून दाखवतो, ती सांगते ते उत्तर मी लिहितो. खटल्यानंतर ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं होतं, आता ही बोंब मारणार. पण तिनं नुसतं पत्र पुढं केलं. “गुर्जी, जरा वाचता का?” मला केवढं बरं वाटलं होतं! म्हटलं, बघा, अडाणी बाई, पण तिलाही कळतं की मास्तरांनी काही वाकडं केलं नाही, पाहिलं ते सांगितलं. दमयंती, माझी बायको, तिला दरवेळी चहा द्यायची. माझ्यासमोर मात्र जनी बसायची नाही, पायरीशी उभी राहायची आणि माझ्याकडे बघत राहायची. खेड्यातल्या बायका असं टक लावून बघत नाहीत खरं तर. मी वाचताना चष्म्यावरून पाहिलं की ती बघतच असायची.

त्या सकाळचं पत्र वाईट होतं. बुधाजीला छातीचा विकार जडला होता. तेरा वर्षं भरली, चालचलणूक चांगली, तेव्हा सुटकेसाठी अर्ज करता येतो असं तिथल्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं. पण अर्जात लिहावं लागतं की माझ्या हातून गुन्हा घडला, मला त्याचा पस्तावा होतो. बुधाजी म्हणत होता, मी मारलं नाही तर पस्तावा कसला करू? अंगठा देणार नाही. जनीनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “लिवा गुर्जी. म्हनावं, अंगठा दे. तिकडं खोकून खोकून मरशील. पोरांनी बापाचा त्वांड बघला नाय. जगाला काय बोलाचा तो बोलू दे, तू घरी ये.” मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, वर आपल्या पदरचं एक वाक्य घातलं, ‘मनुष्याने वास्तवाचा स्वीकार करावा.’ वास्तवाचा! पाकीट चिकटवलं आणि शाळेत जाता जाता स्वतः पोस्टात टाकलं. तिथून आलो आणि पेटी उघडली.

आता त्या झडतीच्या दिवसाचं सांगतो. माझ्या वडिलांचं श्राद्ध होतं. सकाळी थंड पाण्यानं आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून मी दर्भ शोधत होतो, तेवढ्यात जमादार दारात. म्हणे, झडती घ्यायचीय, पंच हवाय, तुमच्यासारखा इभ्रतीचा माणूस दुसरा कोण? मी म्हटलं, आज श्राद्ध आहे. तो म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. मला नाही म्हणता आलं नाही. भीड, आणि खरं सांगायचं तर इभ्रतीचा म्हटलेलं बरंही वाटलं. दुसरे पंच दयारामशेट, किराण्याचे दुकानदार. ते पुढं खटला उभा राहण्याआधीच वारले, म्हणून सगळं माझ्या एकट्याच्या साक्षीवर आलं. आम्ही बुधाजीच्या खोपट्याशी गेलो. अंगणात सुकट वाळत घातलेली, त्याचा वास, दाराशी चिखल, कोंबड्यांची घाण. आत शिरलो असतो तर पुन्हा आंघोळ आली, पुन्हा धोतर आलं, भटजी खोळंबले असते. जमादारानं बिचाऱ्यानं दोनदा म्हटलं, “मास्तर, आत या की.” मी म्हटलं, “तुम्ही बघा हो, मी इथून बघतोय.” जांभळाच्या झाडाखाली उभा राहिलो. दयारामशेट गुडघ्यांचे अधू, ते विहिरीच्या कठड्यावर टेकले. एक बाई मागं कुठंतरी ओरडत होती, रडत होती. थोड्या वेळानं जमादार बाहेर आला, तळहातावर पाटली. “तांदळाच्या मडक्यात होती, मास्तर.” मी मान हलवली. त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं: ‘आम्ही पंच आत गेलो, आमच्या समक्ष मडके उपडे केले, आमच्या समक्ष त्यातून पाटली निघाली.’ मी ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. आणि सही केली, खाली तारीख घातली, अकराच्या आत घरी पोचलो.

आणि कोर्टात? कोर्टात तेच. शपथ घेतली, देवाशपथ खरं सांगेन म्हटलं, आणि सांगितलं की आत गेलो, पाहिलं. त्या क्षणी मला आपण खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही, हे तुम्हाला पटणार नाही. पाच महिन्यांत ते मडकं माझ्या डोळ्यांपुढं इतकं स्वच्छ उभं राहिलं होतं! काळं मडकं, काठाला चीर गेलेली, आत लाल तांदूळ, त्यात जमादाराचा हात. मी शपथेवर सांगितलं की काठाला चीर होती. कुठून आली ती चीर? आमच्याच घरच्या एखाद्या मडक्याची असेल. आरोपीच्या वकिलानं मला दोनच प्रश्न विचारले: बुधाजीशी तुमचं वैर आहे का, आणि त्या दिवशी पाऊस होता का. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की एका निःस्पृह शिक्षकाच्या साक्षीवर अविश्वास ठेवण्याचं कारण नाही. ते वाक्य मला तोंडपाठ होतं. हात तिच्या, मी ते वर्गात सांगायचो! साक्ष कशी द्यावी, थोडं बोलावं, स्पष्ट बोलावं, म्हणून.

त्या दुपारी ऑफिसात मी परीक्षेच्या एका कोऱ्या पेपराच्या पाठीवर नकाशा काढला. पुस्तकातल्यासारखा. बंगला, विहीर, कुंपण, खोपटं, कोंबड्यांचं खुराडं, जांभूळ. खोपट्याचं दार पूर्वेला, जांभूळ दक्षिणेला. जांभळाखाली उभ्या माणसाला काय दिसेल? कुडाची भिंत दिसेल. दारसुद्धा दिसणार नाही. ‘मी इथून बघतोय’ म्हणालो होतो मी, आणि इथून बघण्यासारखं काही नव्हतंच. मग मी त्या इन्स्पेक्टरसारखं एका बाजूला आकडे घालून लिहायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीवर पेन्सिल थांबली. पाटल्या चार गेल्या. सापडली एक. उरलेल्या तीन कुठं गेल्या? तेरा वर्षं! तेरा वर्षांत हा प्रश्न मला पडला नाही. मी गणितसुद्धा शिकवत होतो खालच्या वर्गांना. ज्यानं चार चोरल्या तो एकच मडक्यात कशाला ठेवील? आणि ज्याला मडक्यात काहीतरी सापडायला हवं असेल, त्याला एक पुरली असती. मी लगेच कागद चुरगाळला. कारण मला हेही माहीत नाही. बुधाजीनं केलं नाही हे मला माहीत नाही, दिनानाथरावांनी केलं हे माहीत नाही. मला काहीच माहीत नाही, एवढंच माहीत आहे. आणि एवढंच जर मी त्या दिवशी कोर्टात बोललो असतो तर बुधाजी त्या संध्याकाळी घरी आला असता.

पुस्तक मी तीन दिवसांत संपवलं. शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावतो, एकेकाकडे वळून त्याचं खोटं काढतो, आणि खुनी निघतो तो डॉक्टर, पुतण्या नव्हेच. डॉक्टर उठून उभा राहतो, जरा हसतो, पोलिस त्याला घेऊन जातात आणि धुकं निवळतं. पुतण्याचं लग्न ठरतं. मला इतका राग आला! कुणाचा ते कळेना. मी मागं जाऊन त्या झाडलोटवाल्या पोरीचं पुढं काय झालं ते शोधलं. तिच्या एका उत्तरावर सगळा उलगडा झाला होता. पण शेवटच्या खोलीत तिला बोलावलेलंच नव्हतं. चहा घेऊन कुणीतरी आत येतं एवढंच लिहिलंय, ती असेल किंवा नसेल. तिचं खोटं कुणी मनावर घेतलं नाही. सगळेच म्हणतात म्हणून म्हणाली, गरीब पोर. माझ्यासारख्या माणसाचं काय करायचं याची त्या पुस्तकात सोयच नव्हती. त्यात खुनी होता, निरपराध होते, पकडणारा होता. न बघता सही करणारा कुणी नव्हता.

दमयंतीच्या लक्षात आलंच होतं. पानावर बसायचो, भात चिवडायचो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “शाळेतलं काही आहे का? कमिटीनं काही म्हटलं?” मी म्हटलं, “दमयंती, बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी मी बुधाजीच्या खोपट्यात गेलो नव्हतो.” ती डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “माहीत आहे.” मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. म्हणून पुन्हा सांगितलं. “अहो, ऐकलं मी. आत गेला असतात तर आल्यावर पुन्हा आंघोळ केली असतीत. तुम्ही आलात, पाय धुतलेत आणि तसेच पाटावर बसलात. मी तुमच्यासाठी बंबात पाणी तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.” मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिनं ताट बाजूला ठेवलं. “काय बोलायचं होतं? निकाल लागून तुम्ही पेढे घेऊन आलात. तुमचं तोंड इतकं खुललेलं होतं. मी म्हटलं, पुरुषांच्या कामातलं मला काय कळतंय, असेल काहीतरी पद्धत.” आणि मग एकदम चिडून म्हणाली, तशी ती कधी चिडत नाही, “ती दर महिन्याला येते, मी तिला चहा देते, तो काय उगीच देते होय? कप तिच्या हातात देताना माझा हात कापतो, तुम्ही बघितलंयत कधी?” मी बघितलं नव्हतं.

पण म्हणून मी लगेच उठून काही केलं असं समजू नका. तसला मी नाही. पंधरा दिवस गेले. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल काय शिक्षा असते ते मी शाळेतल्या जुन्या कायद्याच्या पुस्तकात शोधून काढलं, आणि वाचून पुन्हा पाणी प्यायलो. रिटायर व्हायला दहा महिने राहिलेले. निरोपसमारंभ, शाल, नारळ, दिनानाथरावांचं भाषण. मग वाटायचं, बुधाजी अंगठा देईल, सुटून येईल, प्रश्नच मिटेल. आणि तेवढ्यात ते पत्र आठवायचं. बुधाजीपाशी त्याचं म्हणता येईल असं एकच उरलं होतं, की मी केलं नाही. आणि तेही सोड म्हणून मी माझ्या अक्षरात त्याला कळवलं होतं. ज्यानं त्याला आत घातलं त्यानंच. हे मनात आलं की मला उठून फिरावं लागायचं. तळ्याला तीन तीन फेऱ्या मारायचो. लोक म्हणायचे, मास्तर तब्येतीला जपतायत.

शेवटी एका रविवारी सकाळी बसलो आणि लिहिलं. सव्वा पान. मी अमुक अमुक, पंच म्हणून हजर होतो, आत गेलो नाही, मडके पाहिले नाही, पाटली निघताना पाहिली नाही, कोर्टात शपथेवर सांगितले ते खोटे. बुधाजीची शिक्षा या साक्षीवर झाली आहे. सही केली, तारीख घातली. दमयंतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुम्हाला तुरुंगात टाकतील?” मी म्हटलं, “टाकतील कदाचित.” ती उठली. मग आतून माझा इस्त्रीचा सदरा आणून दिला. कागद मामलेदाराकडे नेण्याआधी जनीला सांगायला हवं, तेवढं तरी तिच्या तोंडावर सांगायला हवं, म्हणून मी आधी नेऱ्याची एस्टी पकडली.

नेऱ्याला उतरून डोंगराच्या बाजूला मैलभर चालत गेलं की तिच्या माहेरची वाडी. खटल्यानंतर ती तिथंच येऊन राहिली होती. मी तेरा वर्षांत कधी गेलो नव्हतो. जनी अंगणात भाताचं बियाणं पाखडत बसली होती. मला बघून उठली नाही, सूप तेवढं खाली ठेवलं. “गुर्जी? तुमी हिकडं?” मी बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. वर्गात सांगतो तसं सांगितलं, थोडं आणि स्पष्ट. मी आत गेलो नव्हतो, जनी. मी काहीच पाहिलं नाही. मी जांभळाखाली उभा होतो.

“मंग मना काय सांगताव?” ती म्हणाली. “मी आंगनानच व्हते की. तुमी झाडाखाली हुभं व्हतंव, पांढरा धोतर नेसून. शेट हिरीवर बसलं व्हतं.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती ओरडणारी बाई! मागं कुठंतरी ओरडणारी, रडणारी. तिच्याच घराची झडती चालली होती, ती तिथं नसेल तर कुठं असेल? माझ्या नकाशात मी विहीर काढली होती, जांभूळ काढलं होतं, कोंबड्यांचं खुराडं काढलं होतं. तिला काढलंच नव्हतं.

“मी वराडत व्हते का तो मडका आमचा नाय,” जनी म्हणाली. “सकाली बंगल्यातला सैपाकी देवून गेलता तांदूल घालून. म्हनला धाकल्या बाईसायबांनी दिलाय, पोरांना रांधून घाल. बुधाजी चौकीवर, घरान दाना नव्हता, मी घेतला. त्योच मडका. मी जमादाराला बोलले, शेटला बोलले. तुमाना तर जवल येवून बोलले. तुमी काय म्हनलाव याद हाय?” मला आठवत नव्हतं. ती सांगायच्या आतच आठवलं. बाई, जरा गप्प बसा, मधे बोलू नका.

“कोर्टात का नाही सांगितलंस?” मी विचारलं, आणि विचारताना लाज वाटली. “कोर्टान मना कोन बलावला? वकील म्हनला, बायको नवऱ्याचाच बोलनार, तिचा कोन मानतंय. तुमी मोठी मानसा, तुमचा मानतील.” ती अगदी सरळ सांगत होती, भांडत नव्हती. मग खाली बघून म्हणाली, “म्हनून तर येत व्हते तुमच्याकडं. कागद वाचाला आमच्या वाडीन शिवा हाय, चौथी शिकलाय. मी म्हनायची, आज मास्तर सांगल. पुढल्या म्हयन्याला सांगल. दर टायमाला तुमच्या तोंडाकडं बघाची. मंग तुमी लिवायला लागायचंव न मी म्हनायची, नाय, आज बी नाय.”

मी खिशातून कागद काढला. वाचून दाखवला. म्हटलं, हा उद्या कचेरी उघडताच मामलेदाराकडे देतो, बुधाजीनं पस्तावा करायची गरज नाही, तो निर्दोष म्हणून सुटेल. जनी एकदम उठली. तेरा वर्षांत तिला मी असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. “नको! नको गुर्जी, पाया परते! त्यानं अंगठा दिलाय. गेल्या आयतवारी मी येरवड्याला जावून आयले. तुमचा कागद त्यानं आयकला. रडला, न दिला. साहेब म्हनला दिवालीच्या आत सोडतील. आता तुमी ह्यो कागद दिलाव तर काय व्हईल? परत चवकशी, परत कोर्ट. म्हनतील ह्यो एकदा बोलतो केला, एकदा बोलतो नाय केला. थांबवतील त्याला. तवर तो जगाचा नाय. रगत परतंय तोंडातनं.” तिनं माझा कागद धरला नाही, नुसता माझ्या मनगटावर हात ठेवून तो खाली दाबला. “तेरा वरसांत कंदीपन दिला असताव तरी चालला असता. आता नको. आता गप ऱ्हावा. येवडा करा माझ्यासाठी.”

म्हणजे बुधाजी खुनी म्हणून घरी येणार. खुनी म्हणून वाडीत राहणार, खुनी म्हणून मरणार, त्याची पोरं खुन्याची पोरं. त्यानं स्वतःच तसं लिहून दिलं. आणि मी गप्प राहायचं, तिनं हात जोडून मागितलं म्हणून. मी म्हटलं, “बरं.” दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, “च्या घेताव?” मी नको म्हटलं. पुढल्या महिन्यात येशील ना, असं विचारणार होतो, पण तिनं सूप उचललं होतं आणि पुन्हा पाखडायला लागली होती. मी अंगणाबाहेर पडेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही.

चालत रस्त्याला लागलो. एस्टीला वेळ होता. मैलाच्या दगडावर बसलो, कागदाचे चार तुकडे केले, मग आठ केले, आणि टाकून दिले. आणि तेव्हा ते झालं. मला वाटलं होतं मी रडेन. देवाशपथ सांगतो, आणि माझ्या शपथेला काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे, मला हायसं वाटलं. छातीवरचं काहीतरी कुणीतरी उचलून नेल्यासारखं सगळं अंग हलकं झालं. मामलेदार नाही, कोर्ट नाही. मार्चमध्ये शाल आणि नारळ. गाडी आली, खिडकीशी जागा मिळाली, वारा लागला आणि मला गाढ झोप लागली. पनवेलला कंडक्टरनं खांद्याला हलवून उठवलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात गरम भजी तळत होते. पोटात आगडोंब उसळला होता. मी दोन प्लेट भजी खाल्ली, वर चहा मागवला. गल्ल्यावरचा आनंदा माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “काय सर, आज एकदम खुशीत?” मी तोंड पुसलं आणि म्हटलं, “हो रे. एक काम होतं, झालं.”